स्ट्राँगचा ग्रीक कोश : फुकट आहे, घ्या, पण डॅशच्या पुढचं जपून वाचा

मोबाइलवर बायबल अभ्यासाचं एखादं ॲप उघडा. इंग्रजी वचनातल्या शब्दावर बोट ठेवलं की नंबर येतो : जी 26, जी 1411, जी 1967 (जी म्हणजे ग्रीक). हे नंबर जेम्स स्ट्राँग यांचे. अमेरिकेतल्या ड्रू सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, ते प्राध्यापक होते. शंभरावर मदतनीस हाताशी घेऊन त्यांनी इंग्रजी किंग जेम्स बायबलातला शब्द न् शब्द कुठंकुठं आलाय याची सूची केली आणि ती 1890 साली छापली. सूचीच्या पाठीमागं दोन छोटे कोश जोडले, एक हिब्रूचा, एक ग्रीकचा. पुस्तकावरचे हक्क कधीच संपलेत, त्यामुळं बहुतेक फुकट ॲपच्या पोटात हाच कोश सापडतो. हा रिव्ह्यू त्या ग्रीक कोशाचा. ॲपचं नाव घेत नाही, कारण ॲप कुठलंही असो, आतला माल तोच.

मी जालन्यात मोंढ्याकडे एका कृषी सेवा केंद्रावर कामाला असतो. सेमिनरीत गेलेलो नाही. पाळकसाहेब बाहेरगावी गेले की रविवारचा संदेश माझ्याकडं येतो आणि आठवड्यातून एक संध्याकाळ घरगुती प्रार्थना सभा असते, तिथं वचनावर बोलायचं असतं. ग्रीकची चोवीस अक्षरं तेवढी शिकून घेतली, म्हणजे शब्द वाचता येतो आणि कोशात सापडवता येतो. व्याकरण जेमतेम. आपल्या मंडळ्यांमधून संदेश देणारे निम्मेअधिक लोक याच अवस्थेत असतात, म्हणून हे त्यांच्यासाठी लिहितोय. ज्यांनी ग्रीक रीतसर केलंय त्यांना यात नवीन काही नाही.

आधी नोंद वाचायची कशी ते बघू. कारण खरी गंमत तिथंच आहे आणि ॲपवाले ती कुठंच सांगत नाहीत.

जी 1411 घ्या, दुनामिस. सुरुवातीला हा शब्द कुठल्या शब्दावरून आला ते दिलंय. मग अर्थ : बळ, शब्दशः किंवा लाक्षणिक, विशेषतः अद्भुत सामर्थ्य. मग एक विरामचिन्ह आणि लांब डॅश. डॅशच्या पुढं इंग्रजी शब्दांची माळ : क्षमता, विपुलता, अर्थ, पराक्रम, चमत्कार, सामर्थ्य, शक्ती, हिंसा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, अरे वा, एका शब्दाचे एवढे अर्थ! पण हे अर्थ नव्हेत. किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी 1611 साली त्या त्या ठिकाणी जो इंग्रजी शब्द वापरला, त्याची ही नुसती यादी आहे. ‘विपुलता’ प्रकटीकरण 18:3 मधून आली, तिथं व्यापाऱ्यांच्या चैनीच्या मालाची गोष्ट चाललीय. ‘अर्थ’ 1 करिंथ 14:11 मधला, परक्या भाषेचा अर्थ कळत नाही असं पौल म्हणतो तिथला. ‘हिंसा’ इब्री 11:34 मधली, तीही आगीची. या तीन गोष्टी उचलून दुसरीकडं चिकटवायला कोशानं कुठंही परवानगी दिलेली नाही. पण आमच्या भागातल्या एका मोठ्या सभेत ‘ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ विपुलता असाही आहे’ असं सांगून प्रेषितांची कृत्ये 1:8 वर तासभर पैशापाण्याचा संदेश झालेला मी बसून ऐकलाय. बोलणाऱ्याच्या हातात मोबाइल होता, म्हणजे यादी कुठून आली ते सांगायला नको.

याच शब्दाचा दुसरा प्रकार तर सगळ्यांनी ऐकला असेल. दुनामिस म्हणजे डायनामाइट! विहिरीला सुरुंग लावतात तसं पवित्र आत्म्याचं सामर्थ्य खडक फोडतं! मराठवाड्यात हे फार पटतं, कारण सुरुंगाशिवाय आपल्याकडं विहिरीला पाणी लागत नाही. पण आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइट काढलं 1867 मध्ये आणि नाव ग्रीकवरून घेतलं. पौलाच्या डोक्यात सुरुंग असणं शक्यच नव्हतं. इथं स्ट्राँगला दोष नाही, त्याच्या नोंदीत डायनामाइटचं नावही नाही. ती सगळी व्यासपीठावरची कमाई.

तर नियम एवढाच : डॅशच्या अलीकडचं वाचा, पलीकडचं किंग जेम्सच्या इतिहासात जमा करा. आणि नंबर दाबून त्या शब्दाची सगळी ठिकाणं उघडा. या कोशाची खरी किंमत तिथं आहे. स्ट्राँगनं मूळ काम सूचीचंच केलं होतं आणि ते त्यानं असं केलं की सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी जग त्याच नंबरांवर चालतं. ग्रीक न येणाऱ्या माणसाला एका ग्रीक शब्दाच्या सगळ्या जागा दोन मिनिटांत दिसतात. यासाठी दहापैकी दहा.

कोश म्हणून मात्र तो एवढे गुण घेत नाही. आगापाओ आणि फिलेओ, ‘प्रीती करणे’साठीची ही दोन ग्रीक क्रियापदं बघा. जी 25 आणि जी 5368. योहान 21 मध्ये प्रभू पेत्राला विचारतो ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ तिथं दोन वेळा आगापाओ आणि तिसऱ्या वेळी फिलेओ आहे. त्यावरून आगापे (आगापाओचं नाम) ही दैवी प्रीती आणि फिलेओ म्हणजे दोस्तीतलं प्रेम, असा संदेश वर्षानुवर्षं चालत आलाय. स्ट्राँगनं जी 5368 च्या नोंदीत याला खतपाणीच घातलंय. एक मनाचं, दुसरं बुद्धीचं, असा फरक तो सांगतो आणि पुढं जातो. पुरावा काही नाही, छोट्या कोशात तेवढी जागाही नसते.

आता त्याचेच नंबर दाबून जागा बघा. देमासानं ‘या जगावर प्रीती केली’ आणि पौलाला सोडून गेला, 2 तीमथ्य 4:10, क्रियापद आगापाओ. परूश्यांना सभास्थानातल्या मुख्य आसनांची आवड होती, लूक 11:43; तिथंही आगापाओ. यात दैवी काय आहे? उलट योहान 3:35 मध्ये पिता पुत्रावर प्रीती करतो तिथं आगापाओ आहे आणि 5:20 मध्ये हेच वाक्य फिलेओ घेऊन आलंय. एकच लेखक, एकच पिता, एकच पुत्र. म्हणजे योहानाच्या लिखाणात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतात. प्रीती मोठी आहे हे खरंच, पण ते मोठेपण वचनात काय घडलं त्यावरून ठरतं, कुठलं क्रियापद वापरलं यावरून नाही.

आणि एक जागा अशी आहे जी स्ट्राँग दाखवूच शकत नाही. जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर, सेप्टुआजिंट, ख्रिस्ताच्या आधीपासून यहूदी लोक वाचत होते आणि नव्या कराराच्या लेखकांच्या कानात तीच भाषा होती. त्यात 2 शमुवेल 13 मध्ये अम्नोनाला तामारेबद्दल जे वाटत होतं, ज्याचा शेवट बलात्कारात झाला, त्याला शब्द आगापाओच आहे. पण स्ट्राँगमध्ये जुन्या कराराला नंबर हिब्रूचे. ग्रीकचा नंबर दाबला की मत्तय ते प्रकटीकरण एवढंच दिसतं. शब्दाचा अर्धा जन्म जिथं गेला तो भागच दिसत नाही. ही या वस्तूतली सगळ्यात मोठी उणीव.

आता माझा लाडका नंबर, जी 1967. एपिऊसिओस. कुठलाही कोश हातात आला की मी आधी हाच शब्द उघडतो, कारण इथं कोशकाराला लपायला जागा नसते.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ त्यातलं ‘रोजची’ म्हणजे हा शब्द. मत्तय 6:11 आणि लूक 11:3, संपूर्ण नव्या करारात एवढ्याच दोन जागा. बाहेर दिदाखे नावाच्या जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत आहे, तोही याच प्रार्थनेत. तिसऱ्या शतकातला ओरिगेन, ज्याची मातृभाषाच ग्रीक, तो लिहून गेलाय की हा शब्द ना विद्वानांच्या ग्रंथांत आहे ना लोकांच्या बोलण्यात. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवलेला दिसतो. म्हणजे जागा बघून अर्थ काढायची माझी रीत इथं चालत नाही. जागाच नाहीत.

स्ट्राँगची नोंद इथं चार ओळींची आणि प्रामाणिक आहे. तो म्हणतो, कदाचित जी 1966 वरून, म्हणजे ‘उद्याचं’. पण जास्त शक्यता ‘असणे’ या क्रियापदावरून, म्हणजे जगण्यापुरतं, गरजेचं. डॅश. रोजचं. दोन शक्यता, कुठली जड वाटते ते सांगितलं, आणि किंग जेम्सनं काय केलं ते वेगळं ठेवलं. 1966 दाबा : एपिऊसा, पुढचा दिवस. प्रेषितांची कृत्ये 16:11 मध्ये पौल ‘दुसऱ्या दिवशी’ नियापुलीस पोचतो, तिथला शब्द. या जोडीत ‘उद्याची भाकर’ अगदी सरळ बसते. तरी स्ट्राँग दुसऱ्या बाजूला का झुकला ते तो सांगत नाही. इथं त्याच्याकडचा मजकूर संपतो आणि बाहेर पडावं लागतं.

बाहेर बरंच आहे. जेरोमनं चौथ्या शतकाच्या शेवटी लॅटिन भाषांतर सुधारलं तेव्हा एकाच ग्रीक शब्दाला मत्तयात एक शब्द दिला, ‘द्रव्यापलीकडची’ अशा धाटणीचा, आणि लूकमध्ये ‘रोजची’ राहू दिला. तोच पुढं सांगतो की इब्री लोकांच्या शुभवर्तमानात त्याला या जागी ‘माहार’ सापडला, म्हणजे उद्याचा. सिरियाच्या मंडळीनं पेशित्ता या आपल्या भाषांतरात ‘आमच्या गरजेची भाकर’ असं केलं. त्याहून जुन्या सिरियन प्रतीत ‘नित्याची’. लूकमध्ये तर वेगळीच अडचण आहे. तिथं ‘दररोज’ असा स्वतंत्र शब्दप्रयोग आधीच आहे, म्हणून मराठीत ‘आमची रोजची भाकर रोज आम्हांला दे’ असं दोनदा रोज येतं. लहानपणापासून ते कानाला खटकायचं. एपिऊसिओसचा अर्थ दुसरा काही घेतला तर खटकत नाही.

मजा झाली ती पपायरसची, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाची. इजिप्तमध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना हवारा इथं उत्खननात जुने कागद मिळाले. त्यातल्या एका घरखर्चाच्या हिशेबात सेस नावाच्या विद्वानानं 1889 साली हा शब्द वाचला. अर्धवट, पण वाचला. सगळ्यांना आनंद. चला, ओरिगेन चुकला, हा तर बाजारहाटातला साधा शब्द, दिवसाचा शिधा! पुढं कितीतरी पुस्तकांतून हा पुरावा फिरत राहिला आणि मूळ कागद मात्र कुणाला सापडेना. शेवटी 1998 मध्ये तो अमेरिकेत येल विद्यापीठात सापडला. नव्यानं वाचला तर तिथं एपिऊसिओस नाहीच. शब्द आहे एलायू. तेल. म्हणजे किराणा यादीतलं तेल शंभर वर्षं भाकर म्हणून खपलं. म्हणून सांगतो, जुना फुकटचा कोश किंवा टीकाग्रंथ (वचनांचं स्पष्टीकरण देणारं पुस्तक) उघडलात आणि त्यात ‘पपायरसमध्ये हा शब्द सापडला आहे’ असं दिसलं, तर आधी पुस्तकाचं साल बघा. दुकानात पिशवीवरचा दाणेदार फोटो न बघता मागं छापलेली तपासणीची तारीख बघायची सवय लागलीय, ती इथंही कामाला येते.

हे सगळं सभेत मांडलं तेव्हा मला वाटलं होतं, लोकांना झोप येईल. सभेला एक मावशी येतात, मूळ बीडकडच्या, तरुणपणी नवऱ्याबरोबर कोयत्यावर ऊसतोडीला जायच्या. त्यांना अक्षर येत नाही, वचन सगळं तोंडपाठ. मी म्हणलं, काही जण म्हणतात याचा अर्थ उद्याची भाकर आज दे. त्या लगेच म्हणाल्या, “म्हंजी उचलच की, भाऊ.” सगळे हसले. मुकादमाकडून हंगामाच्या आधी उचल घ्यायची आणि मग सहा महिने ती फेडत बसायचं, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एका भावानं शंका काढली की मत्तयाच्या त्याच अध्यायात खाली 34 व्या वचनात ‘उद्याची चिंता करू नका’ आहे, मग उद्याची भाकर कशी मागायची? शंका चांगली आहे, मोठमोठ्या टीकाकारांनीही ती काढलीय. मावशींना तिचं काही वाटलं नाही. “सांजच्याला पीठ घरात असलं की रात्री झोप लागती. मागितलं म्हनून तर चिंता न्हाई.” मग जराशानं म्हणाल्या, “पर उचल म्हनलं की फेड आली.”

आणि पुढचंच वचन काय आहे? ‘आमची ऋणे आम्हांला सोड.’

सभा संपल्यावर ऋणाचा नंबर दाबला. जी 3783, ओफेइलेमा. स्ट्राँग म्हणतो, देणं असलेली गोष्ट. नैतिक बाबतीत दोष. नव्या करारात याच्याही दोनच जागा. एक ही, दुसरी रोम 4:4, आणि तिथं विषय निघालाय मजुरीचा : काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती कृपा म्हणून नाही, देणं म्हणून. लूकनं ‘ऋणे’ बदलून ‘पापे’ केलं, पण त्याच वचनात पुढं ‘ऋणी’ ठेवलाच. म्हणजे या प्रार्थनेत भाकर आणि देणं शेजारीशेजारी बसलेत आणि देण्याचा शब्द खऱ्या मजुरीच्या हिशेबातला आहे. यावरून एपिऊसिओसचा अर्थ ‘उद्याची’च आहे असं सिद्ध होत नाही. तसं मी संदेशात म्हणणारही नाही. पण ‘उद्याची’ हा अर्थ माझ्या मनात तेव्हापासून वर आलाय, आणि तो वर यायला एका सूचीची आणि एका मावशींची मदत झाली. कोश त्यात तिसरा.

भाकरीचंही जाता जाता. ग्रीक शब्द आर्तोस. आपल्या भाषांतरकारांनी तिची भाकर केली ते उत्तम केलं. योहान 6:9 मध्ये त्या मुलाजवळ होत्या त्या जवाच्याच, तिथं तर पाव म्हणून चाललंच नसतं. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडलं. ॲप नव्हतं, वीजही नसेल धड. ते भाषांतर मिळालं तर शेजारी ठेवा. दोन मराठी भाषांतरं जिथं वेगळी पडतात, तिथंच नंबर दाबायचा. सगळीकडं दाबत बसलात तर संदेश राहील बाजूला.

स्ट्राँगच्या जोडीला काय घ्यावं? पैसे नसतील तर ॲबट-स्मिथचा कोश, 1922 चा, तोही फुकट मिळतो आणि सेप्टुआजिंटमध्ये शब्द कुठं येतो याकडं लक्ष देतो. वर सांगितलेली उणीव बरीचशी भरून निघते. थेयरचा कोश बऱ्याच ॲपमध्ये स्ट्राँगला जोडलेला असतो. मोठा आहे, भरगच्च आहे, पण इंग्रजी आवृत्ती 1880 च्या दशकातली. इजिप्तच्या ऑक्सिरिंकसला पपायरसचे ढीग निघायला लागले 1896-97 च्या हिवाळ्यात. लोकांची रोजची ग्रीक पत्रं, पावत्या, करार जगानं वाचले ते थेयर छापून झाल्यावर. ही तारीख लक्षात ठेवून तो वापरा. केंब्रिजच्या टिंडेल हाउसची स्टेप बायबल नावाची वेबसाइट फुकट आहे आणि ग्रीक न येणाऱ्यासाठीच बांधलेली आहे, चांगल्या कामाची. आणि शिकागो विद्यापीठाचा बाउअर-डँकर, 2000 सालची तिसरी आवृत्ती, हा आजचा मानाचा कोश. महाग आहे. एखाद्या मंडळीनं मिळून घेतला आणि पाळकांच्या घरी ठेवला तर परवडेल. एकट्यानं घेऊ नये.

तक्रारी दोन. मी वापरतो त्या ॲपात मराठी वचनाला नंबर लावलेले नाहीत. इंग्रजी वचन उघडायचं, त्यातला शब्द ओळखायचा, मग नंबर. ज्यांना इंग्रजी येत नाही ते दारातच अडकतात, आणि आमच्या सभेत असे निम्मे आहेत. दुसरी, काही ॲपमध्ये जागा वाचवायला डॅशच गायब केलाय. अर्थ आणि किंग जेम्सचे शब्द एका रांगेत. असलं ॲप दिसलं की काढून टाका, दुसरं घ्या. डॅश ठेवलेली पुष्कळ आहेत.

एक शेवटचं, नव्या लोकांसाठी. नंबर 5624 पर्यंत जातात, पण 2717 टाकून बघितलं तर काही येत नाही. 3203 पासून 3302 पर्यंतही काही येत नाही. काम चालू असताना क्रमांक बदलले आणि हे रिकामेच राहिले. ॲप बिघडलेलं नाही, रीइन्स्टॉल करू नका.